त्रिनिदाद : समुद्रातले मंदिर आणि गिरमिटियांच्या खुणा

कॅरिबियन बेट म्हटले की निळा समुद्र आणि वाळू एवढेच चित्र रंगवले जाते. त्रिनिदादच्या बाबतीत ते फारच अपुरे आहे. गुलामगिरी संपल्यावर उसाच्या मळ्यांसाठी भारतातून करारबद्ध मजूर, म्हणजेच ‘गिरमिटिया’, आणण्यास येथे 30 मे 1845 रोजी सुरुवात झाली, आणि पुढे 1917 पर्यंत आलेल्या सुमारे दीड लाख मजुरांपैकी बहुसंख्य पूर्व उत्तर प्रदेश व बिहारमधले होते. पारियाच्या आखातातील नेल्सन बेटावर 1866 पासून त्यांना प्रथम उतरवून, वैद्यकीय तपासणी करून, मग मळ्यांवर धाडले जाई.

सर्वांत विलक्षण स्थळ मात्र वॉटरलू येथील समुद्रातले मंदिर होय. सिवदास साधू या मजुराने 1947 मध्ये साखर कंपनीच्या जमिनीवर बांधलेले मंदिर 1952 मध्ये पाडण्यात आले व त्यालाच तुरुंगवास भोगावा लागला, तेव्हा समुद्र कोणाच्या मालकीचा नाही, असा हिशेब करून त्याने सायकलवरून दगड-सिमेंट वाहत उथळ पाण्यात भराव घातला आणि तेथे पुन्हा देऊळ उभारले. आजची वास्तू 1990च्या दशकातल्या पुनर्बांधणीची आहे.

राजधानी पोर्ट ऑफ स्पेनमध्ये क्वीन्स पार्क सव्हाना मैदानाकाठचे सात जुने वाडे, ‘मॅग्निफिसंट सेव्हन’, पाहावेत. मोहरममध्ये सेंट जेम्स भागात ‘होसे’ निघतो. हुसेन या नावावरून आलेला हा शब्द ताबुतांच्या मिरवणुकीसाठी वापरला जातो, आणि तिच्यापुढे वाजणारा ताशा मराठी कानांना मुळीच परका वाटणार नाही.