जुनी स्पोर्ट्स कार घेताय? मीटरच्या आधी तेलांचं वय बघा

गाडी घेऊन अकरा दिवस झाले होते. सप्टेंबरमधला रविवार. कासची फुलं बघून मी आणि बाबा यवतेश्वरच्या घाटाने साताऱ्यात उतरत होतो. तिसरा गिअर आणि वळणावळणाला ब्रेक. अर्ध्या घाटात ब्रेकचं पेडल नेहमीपेक्षा खाली गेलं. पुढच्या वळणावर आणखी खाली. बाबा एवढंच म्हणाले, "अरे, हळू घे." मी दुसरा गिअर टाकला, हँडब्रेक थोडा थोडा ओढला आणि रुंद जागा बघून गाडी कडेला लावली.

अर्ध्या तासाने पेडल पुन्हा पहिल्यासारखं कडक! जणू काही झालंच नव्हतं. दुसऱ्या गिअरमध्ये हळूहळू खाली आलो, गाडी साताऱ्यात मावशीच्या दारात लावली आणि एसटीने सांगलीला परतलो.

गाडी आहे अबार्थ पुंटो. १.४ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १४५ हॉर्सपॉवर, चारही चाकांना डिस्क ब्रेक. २०१५ मध्ये बाजारात आलेली ही गाडी आपल्या पुण्याजवळच्या रांजणगावात बनायची. २०२० मध्ये बीएस-६ नियम आले आणि फियाटने भारतातली विक्री थांबवली. म्हणजे आज बाजारात मिळणारी प्रत्येक अबार्थ जुनीच आहे, मीटर काहीही दाखवो. माझ्या गाडीच्या मीटरवर फक्त ३१,००० किलोमीटर होते आणि मी त्यावरच खूश होतो.

पेडल खाली का गेलं?

चार दिवसांनी साताऱ्यातल्या एका मिस्त्रींना गाडी दाखवली. गळती नव्हती, ब्रेक पॅडही शिल्लक होते. त्यांनी ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण उघडलं. आत कोऱ्या चहासारखं काळपट पाणी. म्हणाले, "गाडी कमी पळालीय दादा, पण तेल म्हातारं झालंय की."

आपण 'ब्रेक ऑइल' म्हणतो, पण ते इंजिन ऑइलसारखं खनिज तेल नसतं. बहुतेक गाड्यांत ते ग्लायकॉल जातीचं रसायन असतं आणि ते हवेतला दमटपणा शोषून घेतं. गाडी पळो किंवा उभी राहो, पाणी आत जातच राहतं. डॉट ४ दर्जाच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात ३.७ टक्के पाणी मिसळल्यावर मानकानुसार फक्त १५५ अंशांची हमी उरते.

आता घाटाचं गणित करू. गाडी आणि दोन माणसं मिळून साधारण १,४०० किलो. ४०० मीटर उंची उतरताना सुमारे ५५ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. म्हणजे दीड युनिट वीज. दोन किलोवॅटचा गीझर पाऊण तास चालवा, तेवढी. काही वाटा हवा, टायर आणि इंजिन खातं. बाकी सगळी उष्णता ब्रेकच्या डिस्कमध्ये जाते आणि तिथून ब्रेक ऑइलपर्यंत पोचते. ऑइलमधलं पाणी उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून आपला पाय बुडबुडे दाबत बसतो आणि चाकापर्यंत जोर पोचत नाही. गार झालं की वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि पेडल कडक होतं. हाच खरा धोका. गॅरेजमध्ये नेईपर्यंत गाडी 'एकदम ओके' असते.

मग चूक कुणाची?

माझी! आधीच्या मालकाने सर्व्हिसची फाइल दिली होती. इंजिन ऑइलच्या नोंदी दरवर्षीच्या होत्या, त्या मी वाचल्या. ब्रेक ऑइलची नोंद एकदाही नव्हती, ते मी पाहिलंच नाही. सॉफ्टवेअरमध्ये दुसऱ्याचा कोड हातात आला की आपण काहीच गृहीत धरत नाही. गाडीच्या बाबतीत मी सगळंच गृहीत धरलं.

नोंद नाही म्हणजे बदललेलं नाही, असंच समजायचं. सगळं एकदा बदलायचं, तारीख आणि किलोमीटर लिहायचे आणि तिथून मोजायला सुरुवात करायची. ब्रेक ऑइल साताऱ्यातच बदललं. बाकीचं काम सांगलीत, घराजवळच्या गॅरेजमध्ये उभं राहून करून घेतलं.

काय काय बदललं?

ब्रेक ऑइल: सर्वात आधी हेच. साधारण दर दोन वर्षांनी. डबीतलं वरवरचं काढून नवीन ओतणं म्हणजे बदलणं नव्हे. चारही चाकांपाशी एअर काढताना स्वच्छ ऑइल येईपर्यंत जुनं बाहेर काढावं लागतं. बाटली नवी, सीलबंद हवी. गॅरेजमधली अर्धी उघडी बाटली नको. आणि यात चुकूनही इंजिन ऑइल ओतू नका, रबरी सील फुगून खराब होतात.

इंजिन ऑइल आणि फिल्टर: टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि त्याच्या बेअरिंगला आधार फक्त या ऑइलचा. घर ते ऑफिस अशा तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत ऑइल पुरेसं तापत नाही. त्यात पेट्रोल आणि पाण्याचा अंश साठत जातो. म्हणून 'कमी वापरलेली' गाडी ऑइलसाठी चांगलीच असेल असं नाही. ग्रेड मॅन्युअलमध्ये बघा. माझ्या गाडीला ५डब्ल्यू-४० लागतं. डिपस्टिकवरच्या वरच्या खुणेच्या पुढे भरू नका.

कूलंट: आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला? कारण ते पाण्याचा उत्कलनबिंदू वाढवतं आणि आतला धातू गंजू देत नाही. रेडिएटर कुकरसारखा दाबाखाली काम करतो, त्यामुळे गरम असताना झाकण उघडायचं नाही. बोअरचं पाणी तर अजिबात नको, आत क्षार बसतात. कूलंट आणि डिमिनरलाइज्ड पाणी निम्मं-निम्मं, किंवा तयार मिश्रण घ्या. फक्त रंग बघून दोन प्रकार एकत्र करू नका.

गिअर ऑइल: 'लाइफटाइम' हा शब्द ऐकून सोडून देऊ नका. जुन्या गाडीत एकदा बदललेलं बरं. इथे ग्रेड महत्त्वाचा. जीएल-५ हे जीएल-४ पेक्षा 'भारी' नसतं. त्यातली काही रसायनं मॅन्युअल गिअरबॉक्समधल्या पितळी भागांना मारक ठरू शकतात. आणि एक युक्ती: आधी ऑइल भरायचा बोल्ट सैल होतो का ते बघा, मगच खालचा उघडा. नाहीतर जुनं ऑइल बाहेर, नवीन भरायला वाट नाही आणि गाडी जॅकवर!

टायमिंग बेल्ट: हा द्रव नाही, पण रबराचा असल्याने तोही वयाने म्हातारा होतो. तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टनची टक्कर होऊन इंजिनच उघडावं लागू शकतं. मॅन्युअलमध्ये किलोमीटर आणि वर्षं दोन्ही दिलेली असतात. जे आधी येईल ते धरा. याच बेल्टवर पाण्याचा पंप चालतो, म्हणून पंपही सोबतच बदलला.

जुनं तेल कुठे टाकायचं?

वापरलेलं तेल कायद्याने घातक कचरा आहे. सांगलीत गटारीत ओतलेलं तेल शेवटी कृष्णेकडेच जातं. गॅरेजवाला ते डब्यात साठवून अधिकृत पुनर्वापराला देतो का, विचारा. कूलंट चवीला गोड आणि विषारी असतं. अंगणात सांडलं तर लगेच धुवा, कुत्री चाटतात.

आणि घाट?

नवीन ऑइल म्हणजे ब्रेकवर पाय ठेवून उतरायची मुभा नव्हे. उतारावर दुसरा गिअर ठेवा म्हणजे इंजिनच गाडीला धरून ठेवतं. ब्रेक थोडा जोरात मारा, सोडा, गार होऊ द्या. सतत हलकासा दाबून ठेवणं सर्वात वाईट. आणि गाडी कधीही न्यूट्रलला टाकू नका.

महिन्याभराने त्याच घाटाने पुन्हा उतरलो, बाबांना घेऊनच. खाली येईपर्यंत पेडल जागचं हललं नाही. बाबा यावेळी काहीच बोलले नाहीत, पण उतरताना त्यांचा हात दाराच्या हँडलवरच होता. तो सुटायला अजून दोन-चार फेऱ्या लागतील.

तुम्ही जुनी गाडी बघायला जाल तेव्हा टायर आणि मीटर बघून झाल्यावर एवढं करा: बॉनेट उघडायला सांगा, ब्रेक ऑइलचा रंग बघा आणि फाइलमध्ये ते शेवटचं कधी बदललं ते शोधा. रंग फिका असला तरी नोंद सापडली नाही, तर घाटात जायच्या आधी बदलून घ्या.