बलूनांची जत्रा आणि वार्ताहर

कृष्णेच्या खोऱ्यांत राहणाऱ्यांना आकाशाकडे पाहण्याची संवय नवी नाहीं. पांचगणीच्या डोंगरावरून पॅराग्लायडिंग करणारीं माणसें पाखरांसारखीं तरंगत खालीं येतात, आणि वांकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्यांचीं पातीं फिरतांना दुरून दिसतात. उद्यां याच खोऱ्यांत उष्ण हवेच्या बलूनांची जत्रा भरवावी असें कोणाच्या मनांत आलें, तर त्यांत नवल नाहीं. तामिळनाडूंतील पोल्लाची येथें अशी जत्रा २०१५ सालीं सुरू झाली, आणि सातारा व सांगली या जिल्ह्यांना डोंगर, नदी आणि हिवाळ्यांतील शांत पहाट यांची उणीव नाहीं.

अशा जत्रेची बातमी कशी द्यावी आणि तिची आंखणी केव्हां व कशी करावी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. प्रथमदर्शनीं हा प्रश्न केवळ वार्ताहरांचा वाटतो. पण थोडा विचार केला म्हणजे कळून येतें, कीं तो ज्याच्या शेतांत बलून उतरेल त्या शेतकऱ्याचा, मुलाबाळांसह पहाटे घरून निघणाऱ्या कुटुंबाचा, आणि टोपलींत उभ्या राहणाऱ्या माणसाच्या जिवाचाहि प्रश्न आहे.

आपल्याकडे समारंभाची बातमी बहुधा कार्यक्रमपत्रिकेवरून आंखली जाते. सात वाजतां पाहुण्यांचें आगमन, सव्वासातला दीपप्रज्वलन, मग भाषणें, आणि ठीक आठ वाजतां उड्डाण; त्याप्रमाणें कॅमेरे मांडावयाचे, ध्वनिक्षेपक लावावयाचे आणि वर्तमानपत्रांत जागा राखून ठेवावयाची. कुस्त्यांच्या फडाला किंवा साहित्यसंमेलनाला ही पद्धत चालते. बलूनला ती चालत नाहीं. कारण बलून पत्रिका वाचीत नाहीं, तो वारा वाचतो.

हें नीट समजण्यासाठीं त्याचें शास्त्र थोडक्यांत पाहूं. हवा तापली म्हणजे प्रसरण पावते व हलकी होते. साधारण थंड हवेचा एक घनमीटर सुमारें सव्वा किलो भरतो. तीच हवा शंभर अंश सेल्सिअसपर्यंत तापविली तर तो एक किलोहूनहि किंचित् कमी भरतो. म्हणजे दर घनमीटरामागें पाव किलोच्या आसपास उचलण्याचें बळ मिळतें. अडीच हजार घनमीटरांच्या पिशवीला असें सहाशें किलोंच्या घरांतील बळ लाभतें. त्यांतून कापड, टोपली, ज्योत पेटविण्याचें यंत्र आणि गॅसच्या टाक्या यांचें वजन वजा केलें, कीं तीन-चार माणसें वर जाऊं शकतात. बाहेरची हवा जितकी थंड, तितकें हें बळ अधिक. शिवाय सूर्य वर आला म्हणजे तापलेल्या जमिनीवरून हवेचे लोट उठूं लागतात आणि बलून हेलकावे खातो. म्हणून उड्डाणाची उत्तम वेळ सूर्योदयाच्या आसपासची. आठ वाजेपर्यंत भाषणें चाललीं, तर उड्डाणाची वेळ भाषणांतच उडून जाते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. बलूनला सुकाणूं नाहीं. चालकाच्या हातीं वर जाणें आणि खालीं येणें एवढेंच असतें. दिशा वारा ठरवितो. निरनिराळ्या उंचीवर वारा निरनिराळ्या दिशांनीं वाहत असतो, आणि हवा तो थर शोधून त्यांत जाऊन बसणें हेंच चालकाचें कौशल्य. उड्डाणापूर्वीं तो एक लहानसा फुगा सोडतो व तो कोठें जातो तें पाहत राहतो. माझ्या मतें त्या पहाटेची सर्वांत महत्त्वाची बातमी त्या लहानशा फुग्यापाशीं असते. पण नेमक्या त्या वेळीं सारे कॅमेरे पाहुण्यांच्या मोटारीकडे वळलेले असण्याची भीति फार.

बातमीचें पहिलें काम कोणतें, हें बलूनच्या जन्मकाळींच एका गांवानें जगाला शिकविलें आहे. १७८३ सालच्या २७ ऑगस्ट रोजीं पॅरिसमध्यें शार्ल या शास्त्रज्ञानें हायड्रोजन वायूनें भरलेला एक रिकामा बलून सोडला. सुमारें पाऊण तासानें तो गोनेस नांवाच्या गांवीं येऊन पडला. आकाशांतून उतरलेला तो फुसफुसणारा गोळा पाहून गांवकरी भयभीत झाले आणि हातीं सांपडेल त्या शेतीच्या अवजारानें त्यांनीं त्याच्या चिंध्या केल्या. पुढें फ्रान्सच्या सरकारला जाहीर पत्रक काढून सांगावें लागलें, कीं असे गोळे आकाशांत दिसले तर भिऊं नये. आपण त्या गांवकऱ्यांना हंसूं नये. चूक त्यांची नव्हती. बलून आधीं पोंचला आणि बातमी मागून आली, एवढाच त्याचा अर्थ.

उलट उदाहरण अमेरिकेंतील आल्बुकर्की शहराचें आहे. आज तेथील जत्रेंत शेंकडों बलून उडतात; पण तिचा आरंभ १९७२ सालीं एका नभोवाणी केंद्राच्या पन्नासाव्या वाढदिवसानिमित्त तेरा बलूनांनीं झाला. म्हणजे तेथें बातमी देणारी संस्थाच यजमान होती. त्या मैदानावरची एक साधी रीत आपण घेण्यासारखी आहे. वाऱ्याचा अंदाज पाहून निशाण लावतात: हिरवें म्हणजे उड्डाण, पिवळें म्हणजे थांबा, तांबडें म्हणजे आज उड्डाण नाहीं. ही खूण मैदानांतील लहान मुलालाहि समजते, आणि नभोवाणीवरून ती एका शब्दांत घरोघरीं पोंचवितां येते.

सांगलीकरांना अशा सुटसुटीत बातमीचें मोल निराळें सांगावयास नको. पावसाळ्यांत कृष्णा चढूं लागली, कीं आयर्विन पुलापाशीं पाणी किती फुटांवर आहे, हा एकच आंकडा सारें शहर विचारीत असतें. २०१९ सालच्या ऑगस्टमध्यें तो आंकडा ५७ फुटांवर गेला, तेव्हां लांबलचक वर्णनापेक्षां त्या दोन अक्षरी आंकड्यावरच लोकांनीं आपापलें घर सोडावयाचें कीं नाहीं हें ठरविलें असेल. बलूनांच्या जत्रेंत वाऱ्याची दिशा, वाऱ्याचा वेग आणि निशाणाचा रंग या तीन गोष्टींना तोच मान मिळावयास हवा. पहाटे पांच वाजतां त्या सांगितल्या गेल्या, तर चाळीस मैलांवरून निघूं पाहणारें कुटुंब निघावयाचें कीं नाहीं हें ठरवूं शकेल.

आतां बातमीचें क्षेत्र किती दूरवर पसरतें तें पाहूं. २००५ सालच्या २६ नोव्हेंबरला विजयपत सिंघानिया यांनीं मुंबईच्या महालक्ष्मी येथील शर्यतीच्या मैदानावरून उड्डाण केलें. वयाच्या ६७ व्या वर्षीं ते २१,०२७ मीटर उंचीपर्यंत पोंचले आणि १९८८ पासूनचा १९,८११ मीटरांचा जागतिक विक्रम त्यांनीं मोडला. पण उड्डाण मुंबईच्या समुद्राजवळ झालें आणि बलून उतरला तो नाशिक जिल्ह्यांत, सिन्नर तालुक्यांतील पांचाळे गांवीं. पोल्लाचीच्या जत्रेंतील एक बलून २०२५ च्या जानेवारींत राज्याची सीमा ओलांडून केरळांतील पालघाट जिल्ह्यांत भातशेतांत उतरला. सुदैवानें आंतील माणसें सुखरूप राहिलीं. यावरून दिसतें, कीं या बातमीला तालुक्याची, जिल्ह्याची किंवा राज्याचीहि हद्द ठाऊक नसते. कराडच्या बाजूनें उडालेला बलून तासाभरांत वाळवें तालुक्यांत उतरूं शकेल. म्हणून साताऱ्याच्या आणि सांगलीच्या वार्ताहरांनीं ही आंखणी एकत्र बसून केली पाहिजे.

त्या आंखणीचा पहिला भाग उड्डाणाच्या आधींचा. मैदानाभोंवतालच्या वीस-पंचवीस किलोमीटरांतील गांवांची यादी करावी आणि आठवडाभर आधीं तेथें सूचना पोंचवावी. बलून कोणत्या दिवशीं व किती वाजतां दिसतील. ज्योतीच्या फुत्कारानें जनावरें बुजतात म्हणून तीं गोठ्यांत बांधून ठेवावीं. उतरणाऱ्या बलूनच्या दोऱ्यांना चालकानें सांगितल्याशिवाय हात लावूं नये. टोपलींत गॅस असतो म्हणून जवळ बिडी-काडी पेटवूं नये. आणि नुकसान झालें तर कोणाला कळवावें. एवढीं पांच वाक्यें पुरेत. हीं वर्तमानपत्रांत छापावीं, सांगलीच्या आकाशवाणीवरून सांगावीं आणि ग्रामपंचायतीच्या कर्ण्यावरूनहि ऐकवावीं. या भागांत लोकांनीं चालविलेलीं नभोवाणी केंद्रेंहि आहेत. माण तालुक्यांत म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी आणि जत तालुक्यांत जालिहाळची येरळावाणी. बलून पूर्वेकडे गेले, तर त्या गांवांना ओळखीच्या आवाजांत सांगितलेली गोष्ट अधिक पटेल.

दुसरा भाग उड्डाणाच्या वेळचा. माणसें तीन ठिकाणीं असावींत. एक मैदानावर, पण पाहुण्यांच्या मंडपांत नव्हे, तर उड्डाणप्रमुखाजवळ. एक बलूनच्या मागून जाणाऱ्या गाडींत. आणि एक कचेरींत, नकाशा पुढें ठेवून. आकाशांतून छायाचित्रें घेण्यासाठीं ड्रोन वापरण्याचा मोह होईल. २०२१ सालीं झालेले ड्रोनविषयींचे नियम तर पाळलेच पाहिजेत. पण परवानगी असली तरी उड्डाणप्रमुखाच्या संमतीवांचून ड्रोन वर सोडूं नये. ज्याला बाजूला वळतां येत नाहीं त्याच्या वाटेंत फिरतीं पातीं नेणें हा चित्रासाठीं जिवाशीं केलेला खेळ होय.

येथें एक नाजूक प्रश्न येतो. बलून कोठें उतरत आहे हें त्याच क्षणीं जाहीर करावें काय? वार्ताहराची सहजप्रवृत्ति करावें अशीच असते. पण थोडें थांबून विचार करा. जानेवारींत तासगांवच्या बाजूस द्राक्षांचे मांडव घडांनीं लवलेले असतात, आणि कांहीं शेतांत ऊंस तोडीला यावयाचा असतो. मोकळ्या रानांत उतरलेल्या एका टोपलीनें फारसें नुकसान होत नाहीं. तिच्या मागें धांवलेल्या पांचशें माणसांनीं आणि पन्नास मोटारसायकलींनीं होतें. वर्षभर जपलेला बाग तासाभरांत तुडविला जातो, आणि त्या गर्दीला वाट दाखविणारा आवाज आपलाच असतो. म्हणून दिशा आधीं सर्वांना सांगावी, उतरल्याची बातमी लगेच द्यावी, पण शेताचा पत्ता चालक व शेतमालक यांचें काम आटोपेपर्यंत सांगूं नये. सांगणें आणि न सांगणें हीं दोन्हीं एकाच कर्तव्याचीं अंगें आहेत.

याहूनहि कठीण प्रसंग म्हणजे तांबडें निशाण. हिवाळ्याच्या पहाटे कृष्णाकांठीं धुकें साचतें. मैदानावर हजारों माणसें जमलेलीं, कॅमेरे सज्ज, सूत्रसंचालक पुन्हां पुन्हां विचारीत आहे, "मग, केव्हां उडणार?" हा प्रश्न निरुपद्रवी दिसतो, पण त्याचें ओझें चालकाच्या मनावर पडतें. अमेरिकेंत टेक्सासमधील लॉकहार्टजवळ २०१६ सालच्या ३० जुलैला धुकें व ढग असतांना एक बलून उडाला, विजेच्या उच्च दाबाच्या तारांना लागला आणि चालकासह १६ माणसें दगावलीं. तेथें कॅमेरे नव्हते आणि जत्राहि नव्हती. तरी निर्णय चुकला. मग जेथें सारा जिल्हा वर पाहत उभा आहे, तेथें "आज नको" म्हणावयास किती मोठें धैर्य लागेल! तें धैर्य चालकाला देणें बातमीदारांच्या हातीं आहे. उड्डाण झालें नाहीं ही बातमीहि तितक्याच तयारीनें द्यावी. तिच्यासाठीं दुसरा कार्यक्रम आधींच सिद्ध ठेवावा. हवेचें शास्त्र, जमिनीला दोराने बांधलेल्या बलूनची ओळख, चालकाशीं संभाषण, असें पुष्कळ कांहीं सांगतां येईल. आणि मथळा "जत्रेचा विरस" असा न देतां "धुक्यामुळें उड्डाण थांबविलें" असा द्यावा. पहिला मथळा चालकाला दोष देतो, दुसरा त्याच्या निर्णयाचा मान राखतो.

तिसरा भाग उड्डाणानंतरचा, आणि तोच बहुधा विसरला जातो. मंडप उतरला, पाहुणे गेले, म्हणजे बातमी संपली असें समजूं नये. सर्व बलून उतरले काय, कोणाच्या पिकाचें नुकसान झालें काय, त्याची भरपाई ठरली काय, हें आठवड्यानें पुन्हां जाऊन पाहावें व छापावें. पुढल्या वर्षीं गांवें बलूनचें स्वागत करतील कीं त्याला शेतांत उतरूं देणार नाहींत, हें त्या चार ओळींवर अवलंबून राहील.

नभोवाणीवरून धांवतें वर्णन करणाऱ्याला एक शब्द सांगावासा वाटतो. ऐकणाऱ्याला रंग दिसत नाहींत. "अप्रतिम, अवर्णनीय" असें दहा वेळां म्हणण्यापेक्षां कापड जमिनीवर कसें पसरलें आहे, पंख्याच्या वाऱ्यानें तें कसें फुगत आहे, ज्योतीचा फुत्कार कसा येतो आणि ती बंद होतांच वर किती शांतता पसरते, हें सांगावें. मधून मधून स्वतः गप्प राहून तो आवाज ऐकूं द्यावा.

जत्रा कोणतीहि असो, बातमी तिच्या मागें धांवत असते. बलूनांच्या जत्रेंत मात्र बातमीला दोन पावलें पुढें असावें लागतें, आणि एखादे वेळीं मुद्दाम एक पाऊल मागें राहावें लागतें. केव्हां पुढें आणि केव्हां मागें, हें ज्याला कळलें त्याच्या खोऱ्यांत बलून सुखानें उतरतील, आणि गांवकरी त्यांच्याकडे भयानें न पाहतां कौतुकानें पाहतील.