परदेशस्थांची खाद्यनामे : माल्टीज भाषेतील एक उदाहरण

दुसऱ्या महायुद्धानंतर सहस्रावधी माल्टीज कुटुंबे ऑस्ट्रेलियात स्थायिक झाली. पुढील पिढ्यांत त्यांची घरची भाषा क्षीण होत गेली. तथापि खाद्यपदार्थांची काही नावे अनेक घरांत टिकून राहिली. याची मीमांसा अर्थपरिवर्तनाच्या दृष्टीने करता येते. अरबी ‘फतीर’ म्हणजे न आंबवलेली भाकरी. तिच्याशी सजातीय असलेली माल्टातील ‘फ्तीरा’ मात्र आंबवलेल्या कणकेची, चपटी व गोल असते. २०२० साली युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत तिचा समावेश केला. तिला ‘पाव’ म्हटले, की आकार, आंबूसपणा आणि घर ही तिन्ही निसटतात. प्रतिशब्दाने भागत नाही, म्हणूनच त्या पदार्थाची उणीव सांगण्यासाठी मायबोलीतील तेवढा शब्द जपावा लागतो.