स्थौल्यावरील साप्ताहिक इंजेक्शने आणि न उतरणारे पोट : वैद्यांची भूमिका

स्थौल्य हा विषय वैद्यवर्गाला नवा नाही. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात अष्टनिंदितांमध्ये अतिस्थूलाची गणना केली आहे आणि त्याच्या आठ दोषांत अतिक्षुधा व अतितृष्णा यांचा समावेश केला आहे. नवे आहे ते एवढेच की, या अतिक्षुधेवरच काम करणारी पेप्टाइड वर्गातील औषधे आता आपल्या रुग्णांच्या हाती आली आहेत. टिर्झेपेटाइड मार्च २०२५ मध्ये आणि वजन कमी करण्यासाठीचे सेमाग्लुटाइड जून २०२५ मध्ये भारतात उपलब्ध झाले. मार्च २०२६ मध्ये सेमाग्लुटाइडच्या पेटंटची मुदत संपल्याने ते अधिकांच्या आवाक्यात येण्याचा मार्ग मोकळा झाला. परिणामी "वजन उतरले, पण पोट तसेच आहे, काहीतरी चूर्ण द्या," असे म्हणणारे रुग्ण चंद्रपूर-गडचिरोलीच्या वैद्यांकडेही येऊ लागले आहेत. अशा वेळी आपण काय करावे व काय टाळावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

औषधाचे कार्य

अन्न घेतल्यावर आतड्यातून जीएलपी-१ नावाचे संप्रेरक स्रवते. ते इन्सुलिनच्या स्रावास चालना देते, जठरातील अन्न पुढे सरकण्याची गती मंद करते आणि मेंदूला तृप्तीची जाणीव देते. नैसर्गिक संप्रेरक काही मिनिटांतच नष्ट होते. सेमाग्लुटाइड मात्र शरीरात सुमारे सात दिवस अर्ध्या प्रमाणात टिकते, म्हणून आठवड्यातून एकच इंजेक्शन पुरते. टिर्झेपेटाइड हे जीएलपी-१ बरोबर जीआयपी या दुसऱ्या संप्रेरकाचेही कार्य करते.

पोट खरोखरच उतरत नाही काय? २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या 'स्टेप-१' या चाचणीत ६८ आठवड्यांत सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचे वजन सरासरी १४.९ टक्के घटले आणि कंबरेचा घेर सुमारे साडेतेरा सेंटीमीटरने कमी झाला. त्यातील काही जणांच्या विशेष तपासणीत उदरातील आंतरिक मेद सुमारे २७ टक्के घटल्याचे दिसले. म्हणजे पोटावरही परिणाम होतोच. परंतु त्याच तपासणीत स्नायूंसह मेदविरहित वस्तुमान सुमारे ९.७ टक्क्यांनी घटले होते. आमच्या मते वैद्याने सर्वाधिक लक्ष द्यावे ते याच आकड्याकडे.

पोट का उरते?

याची कारणे अनेक आहेत. पहिले कारण काळाचे. सेमाग्लुटाइडचा आरंभ ०.२५ मिलिग्रॅम या मात्रेने होतो व पहिले चार आठवडे ही मात्रा केवळ सवयीसाठी असते. रुग्ण मात्र महिनाभरातच निराश होतो. दुसरे, त्वचेखालील मेद व सैल झालेली त्वचा मागे राहते. तिसरे, उदराचे स्नायू दुर्बल झाल्याने पोट पुढे येते. चौथे, मलावष्टंभ व आध्मान यांमुळे फुगलेले पोट मेदाचे वाटते.

पाचवे कारण आपल्या देहप्रकृतीचे आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुणे जिल्ह्यातील खेड्यांत केलेल्या अभ्यासात नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो आढळले, तर इंग्लंडमधील साउथहॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. आपली बालके सर्व मापांत लहान होती, पण त्वचेखालील मेद त्या मानाने फारसा कमी नव्हता. असा हाडाने कृश व मेदाने स्थूल देह घेऊन जन्मलेल्या माणसात मांसधातू आधीच अल्प असतो. म्हणूनच आपल्याकडे कंबरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटीमीटरपेक्षा अधिक असल्यास तो धोक्याचा मानतात.

प्रथम निदान, मग चिकित्सा

या दोन जिल्ह्यांत प्रत्येक मोठे पोट मेदाचे नसते. हिवतापाने वाढलेली प्लीहा, सिकलसेलग्रस्ताची प्लीहा, मद्यपानाने बिघडलेले यकृत व त्यातून होणारे जलोदर हे सर्व येथे आढळते. हातपाय बारीक आणि पोट मोठे असे चित्र दिसताच स्थौल्य बाजूला ठेवून उदररोगाचा विचार करावा. स्पर्शन व आकोठन केल्याशिवाय कोणतीही लेखन चिकित्सा सुरू करू नये. घेर मोजताना शेवटची बरगडी व कटीचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडल्यावर फीत लावावी आणि दर महिन्याला त्याच पद्धतीने मोजावे.

अग्नीचा विचार

चरकांनी स्थूलाला गुरु व अपतर्पण आहार सांगितला, कारण त्याच्या स्रोतसांत मेदाचा अवरोध होऊन वायू कोष्ठात संचार करतो व अग्नी तीक्ष्ण होतो. इंजेक्शन घेणाऱ्या रुग्णाची अवस्था याच्या उलट असते. त्याची क्षुधा औषधाने दबलेली असते व जठर मंद असते. तो दिसायला स्थूल, पण व्यवहारात मंदाग्नीचा व मांसक्षयाच्या वाटेवरचा रुग्ण असतो. अशाला लंघन, तीक्ष्ण लेखन योग किंवा वमन-विरेचन देणे म्हणजे एका अपतर्पणावर दुसरे अपतर्पण लादणे होय.

गेल्या उन्हाळ्यात कोळसा खाणीत पाळीने काम करणारे एक गृहस्थ आमच्याकडे आले. चार महिन्यांत वजन ८८ वरून ७९ किलोवर आले होते, घेर १०८ वरून ९९ सेंटीमीटर झाला होता. तरी पोट तसेच असल्याची त्यांची तक्रार होती व विरेचनाचा आग्रह होता. विचारपूस करता दिवसभरात एक भाकरी व चहा एवढाच आहार निघाला. मलप्रवृत्ती चार दिवसांआड, हाताची पकड सैल, जिभेला कोरडेपणा. आम्ही विरेचन नाकारले. त्यांना ते रुचले नाही. परंतु त्यांच्या तज्ज्ञांशी बोलून मात्रा वाढवणे लांबवले, आहार सुधारला, व्यायाम दिला. आणखी चार महिन्यांनी वजन केवळ दोन किलोने घटले होते, घेर मात्र ९४ वर आला होता. वजनाचा काटा थांबला तरी पोट उतरू शकते, हे त्या दिवशी त्यांना पटले.

आहार-विहार

थोडे थोडे, पण मांसधातूचे पोषण करणारे अन्न द्यावे. प्रत्येक जेवणात प्रथम मूग, कुळीथ, अंडे किंवा मामा तलावातील मासे घ्यावेत, भात शेवटी. भाताऐवजी काही वेळा कोदो वापरावे. शास्त्रातही कोद्रवाचा उल्लेख आहेच. पाणी घोटघोट, पण दिवसभर. आठवड्यातून किमान दोन-तीन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम हवा. उठाबशा, वजन उचलणे, पोटाच्या स्नायूंचे व्यायाम पुरेसे होतात. उद्वर्तनाने त्वचेला लाभ होतो, पण केवळ चोळून एकाच जागेचा मेद वितळतो असे रुग्णास सांगू नये.

सावधगिरी

सिकलसेल रुग्णांच्या बाबतीत विशेष दक्षता घ्यावी. उलट्या-जुलाबांनी शरीरातील पाणी घटले तर सिकलसेलची तीव्र वेदनावस्था उद्भवू शकते. पित्ताशयातील खडे या रुग्णांत आधीच अधिक असतात आणि या इंजेक्शनांनीही पित्ताशयाचे विकार वाढतात. शिवाय त्यांच्यात एचबीएवनसी चाचणी विश्वसनीय नसते. मधुमेहाच्या सल्फोनिलयुरिया गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असता गुडमारसारखी द्रव्ये दिल्यास साखर घसरण्याचा धोका लक्षात घ्यावा. पोटात वरच्या भागी तीव्र, पाठीकडे जाणारी वेदना व सतत उलट्या असल्यास स्वादुपिंडाच्या दाहाची शंका घेऊन रुग्णास तत्काळ जिल्हा रुग्णालयात पाठवावे. गर्भधारणेची इच्छा असलेल्या स्त्रीला आपल्या तज्ज्ञांना आधी भेटण्यास सांगावे. सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी थांबवावे लागते.

न उघडलेले इंजेक्शन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते. चंद्रपूरचा पारा उन्हाळ्यात ४५ अंशांपलीकडे जातो आणि दुर्गम भागात वीज जाते. तेव्हा ते कोठे ठेवले होते, हा प्रश्न आवर्जून विचारावा.

औषध सुरू करणे वा थांबवणे हा त्यांच्या तज्ज्ञांचा अधिकार आहे. मात्र ते थांबवल्यावर काय होते, हे रुग्णाला सांगणे आपलेही कर्तव्य आहे. 'स्टेप-१' मधील रुग्णांनी औषध सोडल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग परत आला. परतणारा मेद असतो, गेलेले मांस आपोआप परतत नाही. म्हणून औषध चालू असतानाच मांसधातू राखणे आणि आहार-विहाराची सवय लावणे, हेच आपल्या चिकित्सेचे खरे क्षेत्र आहे. रुग्ण चूर्ण मागायला येतो. त्याला पथ्य देऊन पाठवता आले, तर वैद्यधर्म पाळला गेला असे आम्ही मानतो. इत्यलम्.