मीटर आणि पातेले

२०२५च्या जानेवारीत पुण्यात, सिंहगड रस्त्याच्या बाजूला ‘जीबीएस’ या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले. पाण्यावर संशय आला आणि आमच्या दारी आर.ओ. विकणारा तरुण. त्याने नळाच्या पाण्यात मीटर बुडवला. ‘टीडीएस ११०, काका!’ सौ. घाबरली.

मी जन्म बँकेत काढला. रोकड जुळली म्हणून नोटा खऱ्या ठरत नाहीत. टीडीएस ही विरघळलेल्या क्षारांची बेरीज. लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत भारतीय मानकाला चालते. काही रुग्णांत सापडलेला कॅम्पायलोबॅक्टर हा जंतू त्या मीटरला दिसतच नाही! तो उकळल्याने मरतो. आर.ओ. बोअरच्या खाऱ्या पाण्याला ठीक, पण केवढे पाणी मोरीत सोडतो!

तरुणाला चहा पाजून निरोप दिला. पातेले गॅसवर चढले. गार झालेले पाणी झाकून ठेवायचे, ओगराळ्यानेच घ्यायचे, एवढे नातवाला शिकवणे बाकी आहे.