ओळखीचा बिल्ला

‘कुकी’ म्हटले की खुसखुशीत बिस्किटाची आठवण व्हावी, हे स्वाभाविक आहे. परंतु संगणकावर एखादे संकेतस्थळ उघडताच ‘आम्ही कुकी वापरतो, आपली अनुमती आहे काय?’ असा प्रश्न पडद्यावर उमटतो, तेव्हा मनात शंका उत्पन्न होते. ही कुकी कोण? ती आपल्या संगणकात का शिरू पाहते? ती व्हायरस तर नव्हे? कित्येक मोठी माणसेदेखील तिला व्हायरसची बहीण समजून भितात. तर कित्येक एक अक्षरही न वाचता ‘होय’ म्हणून मोकळी होतात. या भीतीचे आणि या बेफिकिरीचे मूळ एकच, आणि ते म्हणजे अज्ञान. म्हणून कुकी म्हणजे काय, आणि व्हायरसहून ती कोणत्या बाबतीत भिन्न आहे, हे आपण नीट समजून घेऊ.

मोठ्या देवस्थानाच्या दारी पादत्राणे सांभाळणारा मनुष्य तुम्ही पाहिला असेल. आपण आपल्या चपला त्याच्या स्वाधीन करतो. तो त्या एका खणात ठेवतो आणि त्या खणाचा क्रमांक असलेला बिल्ला आपल्या हाती देतो. दिवसभरात शेकडो लोक त्याच्यापुढून जातात. कोणाचाही चेहरा त्याच्या लक्षात राहत नाही, आणि राहण्याची आवश्यकताही नाही. दर्शन घेऊन परतल्यावर आपण बिल्ला दाखविला, की तो नेमक्या आपल्याच चपला पुढे ठेवतो. त्या बिल्ल्यावर आपले नाव नाही की गाव नाही. आहे तो केवळ एक आकडा. कुकी म्हणजे असाच एक बिल्ला होय.

हा बिल्ला देण्याची गरज का पडली, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. टिम बर्नर्स-ली या शास्त्रज्ञाने १९८९ साली जिनिव्हाजवळील ‘सर्न’ या संशोधनसंस्थेत ‘वर्ल्ड वाइड वेब’ची कल्पना मांडली. संकेतस्थळाची पाने साठवून ठेवणाऱ्या आणि मागेल त्याला ती पाठविणाऱ्या संगणकास सर्व्हर म्हणतात. ती पाने मागवून आपल्या पडद्यावर मांडणारा तो ब्राउझर. या दोघांमधील व्यवहाराचा नियम अगदी साधा ठेवण्यात आला होता. ब्राउझरने पान मागावे, सर्व्हरने ते पाठवावे आणि सारे विसरून जावे! पुढच्याच क्षणी त्याच ब्राउझरने दुसरे पान मागितले, तरी सर्व्हरच्या दृष्टीने तो नवखाच. शास्त्रज्ञांचे निबंध वाचण्यापुरती ही व्यवस्था उत्तम होती. परंतु वेबवर दुकाने थाटण्याचा विचार सुरू झाला, तेव्हा तिची उणीव जाणवू लागली. ग्राहकाने एक पुस्तक टोपलीत टाकावे, पान उलटावे, आणि दुकानदाराने ‘आपण कोण?’ असे विचारावे. मग व्यापार व्हावा कसा?

१९९४ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातल्या नेटस्केप या कंपनीत लू माँटुली हा तरुण अभियंता काम करीत होता. त्याने यावर एक युक्ती शोधली. सर्व्हरने प्रत्येकाची आठवण ठेवण्यापेक्षा ओळखीची खूण ग्राहकाच्याच ब्राउझरपाशी ठेवण्यास द्यावी, आणि ब्राउझरने पुढील प्रत्येक मागणीबरोबर ती परत दाखवावी, अशी ती युक्ती होती. संगणकाच्या जाणकारांत अशा खुणेला ‘मॅजिक कुकी’ हे नाव आधीपासून रूढ होते. तेच माँटुलीने उचलले. बिस्किटाचे नाव संगणकात आले ते असे.

आता या कुकीचे अंतरंग पाहू. ती म्हणजे अक्षरांची आणि अंकांची एक छोटीशी नोंद असते. एका कुकीची मर्यादा सामान्यतः चार हजार शहाण्णव अक्षरांची असते. म्हणजे आपल्या वहीच्या दोन-तीन पानांत ती मावेल. काही कुकी ब्राउझर बंद होताच नाहीशा होतात. काहींवर मुदत लिहिलेली असते आणि तोवर त्या टिकतात. जिने बिल्ला दिला तिलाच तो परत दाखवायचा, हा नियम ब्राउझर पाळतो. एका संकेतस्थळाने ठेवलेली कुकी दुसऱ्या संकेतस्थळास वाचता येत नाही.

याउलट मालवेअर म्हणजे दुष्ट हेतूने रचलेली आज्ञावली होय. आज्ञावली ही नुसती नोंद नव्हे. अमुक पुसून टाक, तमुक पाठवून दे, स्वतःच्या प्रती काढ, अशा आज्ञांची ती मालिका असते, आणि संगणक त्या निमूटपणे पाळतो. व्हायरस हा या कुळातील एक प्रकार. ‘वर्म’ हा दुसरा. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या अमेरिकन विद्यार्थ्याने स्वतःच्या प्रती काढीत पसरणारा एक वर्म इंटरनेटवर सोडला. काही तासांतच विद्यापीठांचे आणि संशोधनसंस्थांचे हजारो संगणक त्या प्रतींच्या भाराने मंदावून ठप्प झाले. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या मालवेअरने सुमारे दीडशे देशांतील संगणकांना ग्रासले. तो संगणकातील कागदपत्रे जणू कुलूपबंद करी आणि किल्लीसाठी खंडणी मागे. इंग्लंडमधील अनेक रुग्णालयांना त्यामुळे रुग्णांच्या भेटी रद्द कराव्या लागल्या. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की ज्या छिद्रातून तो शिरला, ते बुजविण्याचा उपाय मायक्रोसॉफ्ट कंपनीने दोन महिने आधीच, मार्चमध्ये, दिला होता. ज्यांनी तो वेळीच योजला, त्यांच्या संगणकांत त्याला त्या वाटेने शिरता आले नाही.

दोहोंतील भेद आता स्पष्ट झाला असेल. बिल्ला स्वतः चालत नाही, कोणाच्या घरात शिरत नाही, एकाचे दहा होत नाही. कुकी तुमची चित्रे पाहू शकत नाही, धडे पुसू शकत नाही. मालवेअर हे सारे करू शकतो. म्हणूनच ब्राउझरमधील सर्व कुकी पुसून टाकल्या, तरी संगणकात शिरलेला मालवेअर जात नाही. कुकी पुसल्याने एवढेच होते, की संकेतस्थळे आपल्याला विसरतात आणि पुन्हा पासवर्ड विचारतात.

मग कुकी सर्वस्वी निर्दोष म्हणावी काय? तसेही नाही. बिल्ल्यापासून दोन प्रकारचे उपद्रव संभवतात.

पहिला असा. बाजारात एका जाहिरातदाराने प्रत्येक दुकानात आपला एकेक फलक लावला आहे आणि प्रत्येक फलकाजवळ आपला मनुष्य बसविला आहे, अशी कल्पना करा. तुम्ही पहिल्या दुकानात जाताच तो तुमच्या हाती एक बिल्ला देतो. पुढे तुम्ही पुस्तकांच्या दुकानात जा, खेळण्यांच्या जा की औषधांच्या जा. तेथील मनुष्य तोच बिल्ला पाहतो आणि एकाच वहीत नोंद करतो. महिन्याअखेर तुमच्या आवडीनिवडी त्या वहीत उतरलेल्या असतात, आणि तुम्हांला त्याची वार्ताही नसते. एका पानावर बुटांचे चित्र पाहावे, आणि दुसऱ्या कोणत्याही पानावर जावे तो तेच बूट पुढे उभे, याचे रहस्य पुष्कळदा हेच असते. अशा कुकीला ‘त्रयस्थ कुकी’ म्हणतात. कारण ती तुमचीही नव्हे आणि दुकानदाराचीही नव्हे. युरोपातील देशांनी २००९ साली आपल्या नियमांत सुधारणा करून, अत्यावश्यक नसलेल्या कुकींसाठी आधी अनुमती घेतली पाहिजे, असे ठरविले. पडद्यावर उमटणारा तो प्रश्न मुख्यतः तेथूनच आला. भारताच्या संसदेनेही २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या रक्षणासाठी कायदा संमत केला. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वी त्यांच्या पालकांची अनुमती घ्यावी, असे त्यात म्हटले आहे.

दुसरा उपद्रव अधिक गंभीर आहे. चपला सांभाळणारा बिल्ला पाहतो. चेहरा पाहत नाही. तुमचा बिल्ला दुसऱ्याच्या हाती पडला, तर तुमच्या चपला घालून तो खुशाल चालता होईल! पासवर्ड देऊन आपण एखाद्या संकेतस्थळात प्रवेश केला, की सर्व्हर ओळख पटल्याची कुकी देतो. म्हणूनच प्रत्येक पानावर पासवर्ड पुन्हा द्यावा लागत नाही. काही मालवेअर नेमकी हीच कुकी चोरतात. मग चोराला पासवर्ड ठाऊक असण्याचे कारणच उरत नाही. चोर आणि बिल्ला यांची गाठ पडते ती येथे. बिल्ला चोर नव्हे. पण चोराला तो हवा असतो.

शाळेच्या संगणककक्षात काम संपवून ‘लॉग आउट’ न करता उठून जाणारा विद्यार्थी आपला बिल्ला बाकावर ठेवून जातो. त्याच्या मागून येणारा त्याच्या नावाने पत्रे वाचू शकेल, इतकेच नव्हे, तर लिहूही शकेल. लॉग आउट करणे म्हणजे बिल्ला ज्याचा त्याला परत करणे. त्याचप्रमाणे अनोळखी ठिकाणाहून आलेली आज्ञावली उघडू नये; आणि संगणकाच्या दुरुस्त्या वेळच्या वेळी करून घ्याव्यात.

यापुढे पडद्यावर तो प्रश्न उमटला, की घाबरू नका. आणि घाईही करू नका. हा बिल्ला कोण देत आहे आणि कशासाठी, एवढे पाहा. जो कामाचा असेल तो घ्या. त्रयस्थाचा असेल तर नम्रपणे ‘नको’ म्हणा. तसे म्हणण्याचा तुम्हांला पूर्ण अधिकार आहे.

स्वाध्याय

१. सर्व्हरच्या ‘विसराळूपणा’मुळे वेबवरील दुकानदारांपुढे कोणती अडचण उभी राहिली?
२. कुकी आणि मालवेअर यांतील भेद तुमच्या शब्दांत सांगा.
३. ‘बिल्ला चोर नव्हे, पण चोराला तो हवा असतो.’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
४. चपलांच्या बिल्ल्यासारखी ओळखीची खूण तुमच्या गावात आणखी कोठे वापरतात, ते पाहून पाच ओळी लिहा.