धम्मपदाचा आरंभ आणि पूर्वकर्माचा प्रश्न

सुत्तपिटकाच्या खुद्दकनिकायातील धम्मपदात २६ वग्ग व ४२३ गाथा आहेत. पहिल्या वग्गाचे नाव यमकवग्ग. यमक म्हणजे जोडी. या जोडीतील पहिल्या गाथेचा आशय असा : मन हे सर्वांच्या अग्रभागी असते, दूषित मनाने बोलणाऱ्याच्या वा वागणाऱ्याच्या मागे, गाडी ओढणाऱ्या बैलामागे चाक यावे तसे दुःख येते. दुसरी गाथा सांगते की, निर्मळ मनाने वागणाऱ्याला सुख सावलीसारखे साथ देते.

या आरंभात ईश्वर नाही, यज्ञ नाही, जन्मजात श्रेष्ठत्वही नाही. नीतीचा उगम मनात आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मनाला केंद्रस्थानी मानणे हे बुद्धाच्या शिकवणुकीचे पहिले वैशिष्ट्य म्हणून सांगितले, ते याच दृष्टीने.

पहिल्या गाथेच्या संदर्भात अट्ठकथा चक्खुपाल थेरांची कथा सांगते. अंध थेर चंक्रमण करीत असता पायाखाली कीटक मेले. भिक्खूंनी तक्रार केली. मारण्याचा हेतू नव्हता, म्हणून दोषही नाही, असा निर्णय तथागतांनी दिला. येथवर कथा गाथेचा अर्थ उजळून टाकते. पुढे मात्र थेरांच्या अंधत्वाचे कारण पूर्वजन्मी वैद्य असताना त्यांनी एका स्त्रीचे डोळे हेतुपुरस्सर घालविले, असे दिले आहे.

येथे आम्हांस थांबावे लागते. 'तुमचे दुःख हे तुमच्याच पूर्वजन्मीचे फळ' हेच अस्पृश्यांना शतकानुशतके ऐकविले गेले. वास्तविक, मूळ गाथेत पूर्वजन्माचा शब्दही नाही. अट्ठकथा ही नंतरची रचना असून परंपरा ती इसवी सनाच्या पाचव्या शतकातील बुद्धघोषांच्या नावे सांगते. पूर्वकर्माच्या सिद्धान्तामुळे दीनदुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी समाजाला टाळता येते, महाकारुणिक बुद्ध अशा सिद्धान्ताचा पुरस्कार करणे शक्य नाही, असे बाबासाहेबांनी त्याच ग्रंथात प्रतिपादिले आहे.

तेव्हा ही गाथा करणाऱ्यासाठी आहे, सोसणाऱ्याला दोष देण्यासाठी नाही, हे उपासक-उपासिकांनी ध्यानी घ्यावे. शेजाऱ्याचे दारिद्र्य वा आजार पाहून त्याचे पूर्वकर्म शोधणे हा तिचा उपयोग नव्हे. आपण आज काय बोललो, काय केले आणि त्यामागे मन कसे होते, हे तपासणे हाच तिचा खरा अभ्यास होय.